बेडूकमुख्याच्या अलीकडे

"तू जा पुढे," असं म्हणून इंदूताई व्हाळाच्या काठी एका चपट्या दगडावर बसल्या.

मला वाटलं, बुटात खडा गेला असेल. मार्च महिना होता. व्हाळाला घोटाभर पाणी उरलं होतं आणि ते ओलांडलं की पलीकडे लगेच चढ सुरू होत होता. आम्हाला वाट दाखवायला आलेला तुकाराम गावस दहा पावलं पुढे जाऊन थांबला होता. कमरेच्या आकडीत कोयता, डोक्याला पंचा. त्यानं वळून पाहिलं.

"दमलात काय, बाई? आता अर्ध्या तासाची वाट. ऊन चडायच्या आदी पोचाक व्हया."

"दमले नाही मी," इंदूताई म्हणाल्या. "तुम्ही हिला घेऊन जा. मी इथं आहे."

मी माघारी आले आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "गुडघा दुखतोय?"

"गुडघा ठीक आहे."

"छातीत काही होतंय का? खरं सांगा."

"काही होत नाही गं. पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटतंय, एवढंच."

आणि त्या खरोखरच बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. मी बघतच राहिले. ज्या पक्ष्यासाठी त्यांनी एकोणीस वर्षं रानं पालथी घातली, तो अर्ध्या तासाच्या वाटेवर एका फांदीवर बसला होता. आणि इंदूताई इथं मोजे काढून नीट घडी घालून बुटात ठेवत होत्या.

ही एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. सावंतवाडीला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी होती. इंदूताई तेरसे तेव्हा साठीच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कुडाळला त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रविवारी मोकळा असणारा मिळाला नाही."

आमची ओळख पोस्टाच्या खिडकीशी झाली होती. मी बावीस वर्षांची, नोकरीच्या अर्जाचं पाकीट रजिस्टर करायला रांगेत शेवटी उभी होते. पाकिटावर शिक्का मारता मारता त्यांचा हात हवेतच थांबला.

"ऐकलंस?"

"काय?"

"जेवणाची सुट्टी झाली. चल बाहेर."

पोस्टाच्या मागच्या आवारात फणसाच्या झाडावर एक स्वर्गीय नर्तक बसला होता. काळा तुरा, आणि मागे पांढऱ्या रिबिनीसारखी लांबच लांब शेपटी. तो एका फांदीवरून दुसरीवर गेला तशी ती रिबीन हवेत लहरली आणि माझ्या तोंडून चक्क किंकाळी फुटली. इंदूताई पक्ष्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझं पाकीट त्या दिवशीच्या टपालानं गेलं की नाही, देव जाणे. नोकरी लागली, म्हणजे गेलंच असणार.

त्यानंतर नऊ वर्षं आमचे सगळे रविवार एकत्र गेले. पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वतःची पंधरा-सोळा वर्षांची वही बंद करून कपाटात ठेवून दिली आणि माझ्यासारखीच एक कोरी दोनशे पानी वही विकत आणली. "आपण दोघी पहिल्यापासून मोजू," म्हणाल्या. नियमही त्यांनीच केला. जिल्ह्यातला पक्षी हवा, आणि दोघींनी पाहिला तरच लिहायचा. एकीनं पाहिला आणि दुसरीचं लक्ष नसलं, तर तो पक्षी फुकट. या नियमापायी आम्ही किती भांडलो असू! देवगडच्या खाडीवर एकदा त्या डोळ्यांतली धूळ काढत होत्या तेवढ्यात एक दुर्मिळ तुतवार माझ्यासमोरून उडाला, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी रजा टाकायला लावली. तो पुन्हा दिसेपर्यंत आम्ही चिखलात उभ्या.

त्या मार्चमध्ये दोघींच्या वह्यांत दोनशे सत्त्याऐंशी पक्षी होते. बेडूकमुख्या नव्हता. तो त्यांच्या जुन्या वहीतही नव्हता.

बेडूकमुख्या रात्रीचा पक्षी. दिवसा तो एखाद्या गचपणात फांदीवर बसतो, डोळे मिटतो, चोच वर करतो आणि वाळक्या फांदीचा तुकडा होऊन जातो. हाताच्या अंतरावरून गेलं तरी दिसत नाही. इंदूताईंनी त्याचा आवाज दोनदा ऐकला होता. पक्षी एकदाही पाहिला नव्हता. तिलारीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी मी मोजणीसाठी जात असे. तिथल्या काजूबागायतदाराला, म्हणजे या तुकारामाला, मी पुस्तकातलं चित्र दाखवून ठेवलं होतं. दोन वर्षांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती त्याची चिठ्ठी आली. ‘तुमचो पक्षी गावलो. रोज तेच फांदयेर बसता. बेगिन येवा.’

ती चिठ्ठी घेऊन मी कुडाळला धावत गेले होते. इंदूताई भाजी निवडत होत्या. चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, "अरे वा." मग चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "रविवारी जाऊ." मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. आनंद मोठा असला की माणूस कमी बोलतं, अशी मी समजूत घालून घेतली. पहाटेच्या एसटीत त्या खिडकीशी गप्प बसून होत्या. दुर्बीण त्यांनी पिशवीतून काढलीच नव्हती. तेही मला नंतर आठवलं.

आता पाय पाण्यात सोडून त्या बसल्या होत्या आणि मी समोर रडकुंडीला आले होते.

"इंदूताई, बेडूकमुख्या आहे तो."

"माहीत आहे मला."

"पुन्हा दिसायचा नाही कदाचित."

"कदाचित."

"आणि आपला नियम? तुम्ही आला नाहीत तर मला लिहिताही येणार नाही."

"नियम मीच केला होता ना? मग आज मीच मोडते. तू पाहून ये आणि लिही."

"पण का? कारण तरी सांगा!"

त्यांनी पाण्यातून पाय उचलला, थेंब गळू दिले आणि पुन्हा आत बुडवला. "मला नाही जायचं गं, वैजू. तू जा. उडून जाईल तो."

तो उडणार नव्हता. दिवसा तो काही केल्या जागचा हलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी उठले. व्हाळ ओलांडला. चढावर एकदा मागे वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पलीकडच्या काठावर एक दयाळ शेपटी नाचवत किडे टिपत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष होतं. दयाळ! आमच्या ऑफिसच्या सायकल स्टँडवर रोज बसायचा तो.

वाट निमुळती होत गेली. तुकाराम कोयत्यानं वेली बाजूला सारत होता. एका घळीच्या तोंडाशी त्यानं हात वर केला.

"आता बोलाक नाय. माज्या मागसून येवा."

आम्ही वाकून वीसेक पावलं गेलो. मग तो बाजूला झाला आणि त्यानं बोटानं दाखवलं. मला वेलींचं जाळं दिसलं, वाळकी पानं दिसली, एक मोडकी फांदी दिसली.

"ती सुकली फांदी बगा. फांदी नाय ती."

मी दुर्बीण लावली. फांदीला मिशा होत्या. मग रुंद चोच दिसली, मग मिटलेल्या डोळ्याची बारीक फट. राखाडी, झाडाच्या सालीसारखी नक्षी असलेला नर. त्याच्या पोटाखाली शेवाळाची एक टीचभर गादी. तो घरट्यावर बसला होता! आणि वर हातभर अंतरावर, तांबूस, वाळल्या पानाच्या रंगाची मादी. जोडी होती.

डोळे भरून आले आणि दुर्बिणीतून काही दिसेना. मी ती खाली केली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. गालावरून पाणी वाहत होतं ते मला कळत होतं, पण पुसायलाही हात हलवावासा वाटत नव्हता. नराच्या मिटल्या डोळ्याची फट किंचित रुंदावली, त्यानं आम्हाला पाहिलं असावं, आणि मग फार हळू, घड्याळाच्या काट्यासारखी, त्याची चोच आणखी वर गेली. आणखी फांदी झाला तो.

मी सवयीनं डावं कोपर बाजूला सरकवलं. नऊ वर्षं तिथं इंदूताईंचं कोपर असायचं. पक्षी नवा असला की आम्ही बोलायचो नाही, एकमेकींना ढोसायचो. तिथं कारवीचं एक झुडूप होतं.

"दिसलो?" तुकारामानं कानाशी विचारलं.

मी मान हलवली. पाच मिनिटांत आम्ही मागे फिरलो. घरट्याशी त्याहून जास्त थांबायचं नाही, हाही इंदूताईंचाच धडा.

उतारावर मी जवळजवळ पळत होते. आनंद होता, राग होता, आणि कुठला किती ते कळत नव्हतं. व्हाळापाशी आले तर दगड रिकामा. बूट नाहीत, पिशवी नाही.

"इंदूताई!"

उत्तर नाही. साठीची बाई, मी रागावून एकटीला सोडून गेले, छातीत कळ आली असेल, पाण्यात कुठं... मी व्हाळातून खालच्या अंगाला धावत सुटले. तुकारामही हाका मारू लागला. मग काजूच्या बागेतून हसण्याचा आवाज आला. मोकळा, खदखदून. तो आवाज मी ओळखला.

तुकारामाच्या घरापुढच्या खळ्यात काजूच्या पिकल्या फळांचा, बोंडवांचा ढीग पडला होता. त्याची बायको शेवंती आणि इंदूताई समोरासमोर बसून बोंडवांच्या बिया पिळून काढत होत्या. बी टोपलीत, बोंडू बादलीत. इंदूताईंनी पदर खोचला होता, हात कोपरापर्यंत रसानं चिकट झाले होते.

"येवा, बसा," शेवंती मला म्हणाली. "तुमच्या ताईन माजा अर्धा काम केल्यान."

इंदूताईंनी वर पाहिलं. "दिसला?"

"दिसला. जोडी आहे. नर घरट्यावर बसलाय."

"छान."

एवढंच. पोस्टाची पावती फाडून हातात द्यावी, तसं ‘छान’. पुढची बी त्यांनी पिळली आणि टोपलीत टाकली.

मी इतका वेळ दाबून ठेवलेला राग तिथं फुटला. परक्याच्या खळ्यात, त्यांच्या देखत.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. तुला दिसला, बरं वाटलं."

"मला नको आहे तुमचं बरं वाटणं. एकोणीस वर्षं, इंदूताई! आणि आज तुम्ही काजू सोलत बसलात. दमलात म्हणून सांगा, चढ झेपत नाही म्हणून सांगा, मी तुम्हाला पाठीवर घेऊन गेले असते. पण हे काय? मला सगळं समजलंय आणि मी आता वरच्या पायरीवर बसलेय, असं तोंड करून बसू नका माझ्यापुढं."

"वैजू..."

"मला या नादाला कुणी लावलं? मी लग्नाची दोन स्थळं रविवारी बघायला येणार म्हणून परत पाठवली. आई माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. आणि तुम्ही एक दिवस दगडावर बसता आणि म्हणता, मला नको. म्हातारपण आलंय तुम्हाला, दुसरं काही नाही. तेवढं कबूल करा."

शेवंती उठून घरात निघून गेली. तुकाराम पंच्याची घडी घालत राहिला. इंदूताईंचा चेहरा सरळ होता. त्या म्हणाल्या, "असेल," आणि बादलीतल्या पाण्यानं हात धुवायला लागल्या. बराच वेळ धुतले. मग म्हणाल्या, "दोनची गाडी चुकेल."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि मी सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिले. सावंतवाडीला मी उतरताना त्यांनी माझ्या हातात एक पुडी दिली. शेवंतीनं भाजलेले काजूगर दिले होते, त्यांतला माझा वाटा. घरी येऊन मी वही काढली आणि लिहिलं: २८८. बेडूकमुख्या. जोडी, घरटं. दोघींच्या सहीसाठी आम्ही शेवटी दोन रेघा सोडायचो. मी एकीवर सही केली. दुसरी रेघ खोडरबरानं पुसून टाकली.

त्यानंतरच्या रविवारी मी निरोप पाठवला, तोही कोरडा: आंबोलीला जाते आहे, येणार का? त्यांचा उलट निरोप आला: तू ये जाऊन. मग सांग. त्यातलं ‘तू ये जाऊन’ मी ऐकलं. ‘मग सांग’ ऐकलंच नाही. पुढच्या वर्षी माझी नाशिकला बदली झाली. मला ती हवीच होती.

तिथून मी सुटलेच. जिल्हा सोडला, राज्य सोडलं. कच्छ, अंदमान, अरुणाचल. रजा, सुट्ट्या, सगळं त्यात गेलं. माझी यादी हजाराच्या पुढे गेली, लोक मला भाषणाला बोलवायला लागले. इंदूताईंची भेट व्हायची ती कुणाच्या लग्नाकार्यात. "कशी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "चाललंय." त्या दर दिवाळीला पोस्टकार्ड पाठवायच्या. मी उत्तरादाखल छापील भेटकार्ड पाठवायची.

नोकरीतून लवकर मोकळी होऊन मी सावंतवाडीला परत आले तेव्हा पंचावन्न वर्षांची होते. आल्याला आठ महिने झाले होते, आणि कुडाळ वीस किलोमीटरवर असून मी गेले नव्हते. उद्या जाऊ, असं रोज म्हणायची.

एका रविवारी सकाळी फोन वाजायला लागला. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वादळानं भरकटलेला एक समुद्रपक्षी येऊन बसला होता. आपल्याकडे कधीच न दिसणारा, माझ्या हजारांच्या यादीतही नसलेला. फोटो येत होते, मंडळी गाड्या काढत होती, "मॅडम, निघालात ना?" असं तीन जणांनी विचारलं. मी निघाले. दुर्बीण, मोठी दुर्बीण, तिचं तिकाटणं, पाण्याची बाटली, सगळं स्कूटरला बांधलं. आकेरीपर्यंत गेले आणि तिथं तिठ्यावर एका झाडाखाली स्कूटर थांबवली.

मला जायचं नव्हतं.

आधी वाटलं, ऊन लागलंय. पाणी प्याले. मग स्वतःला दटावलं, तासाभराचं काम आहे, असा पक्षी जन्मात पुन्हा नाही. एखाद्या दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं मी मनातल्या मनात त्या पक्ष्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. कुठंच काही दुखलं नाही. मी घाबरले. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीनं मला रविवारी पहाटे उठवलं होतं, ती आत नव्हतीच. कधी गेली तेही मला ठाऊक नव्हतं. कदाचित बरेच दिवस झाले असतील. मी सवयीनं धावत असेन.

मी स्कूटर कुडाळकडे वळवली.

इंदूताई मागच्या पडवीत आरामखुर्चीवर बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. अंगानं निम्म्या झालेल्या, पण नजर तीच. एका कानाला यंत्र. मला पाहून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "ये. आज रविवारची बरी मोकळी?"

मी त्यांच्या पायाशी पडवीच्या पायरीवर बसले आणि सरळ सांगून टाकलं. वेंगुर्ल्याचा पक्षी, आकेरीचा तिठा, सगळं. त्या कान पुढे करून ऐकत होत्या.

"घाबरलीस ना?"

"फार."

"मीही घाबरले होते. मला पहिल्यांदा कळलं ते आचऱ्याला. आठवतं, समुद्री गरुडाचं घरटं? तू आनंदानं वाळूत गिरक्या घेत होतीस. मी दुर्बीण लावली, पक्षी दिसला, सगळ्या खुणा पटल्या, आणि आत काही हललंच नाही. मला वाटलं, सकाळी न्याहारी केली नव्हती म्हणून असेल."

मी हिशेब केला. "आचरा म्हणजे शहाण्णव साल. बेडूकमुख्याच्या तीन वर्षं आधी?"

"तीन वर्षं."

"पण त्यानंतर तर आपण दर रविवारी जायचो! तुम्ही तर तशाच नाचायचात."

"नाचायची. पोस्टात उभा जन्म गेला माझा. लोकांना त्यांच्या वाईट तारा वाचून दाखवल्यात, चेहरा सरळ ठेवून. तेवढं जमायचं मला. पण नसलेला आनंद तोंडावर आणणं त्याहून अवघड असतं गं. तरी आणायची."

"कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारायचं. "नाहीतर तू मला कशाला नेली असतीस?"

पडवीबाहेर कुणाच्या तरी कोंबड्या उकरत होत्या. इंदूताईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"मला पक्षी नको झाले होते, वैजू. रविवार हवे होते. आणि त्या दिवशी व्हाळापाशी आले तेव्हा एकदम कळलं की हे इथवरच. तो साधा पक्षी असता तर आले असते, नेहमीसारखी नाचले असते. पण तो बेडूकमुख्या होता. तिथं तू आधी त्याच्याकडे बघितलं असतंस आणि मग लगेच माझ्याकडे. नेहमीच बघायचीस. आणि त्या पक्ष्यापुढं मला खोटं तोंड करता आलं नसतं. माझा कोरडा चेहरा तुझ्या डोळ्यांत राहिला असता जन्मभर. त्याच्यासकट बेडूकमुख्या राहिला असता. म्हटलं, हिला तरी तो पुरता मिळू दे."

चोवीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगत आले होते. माझ्या भाषणांतही यायची ती: माझ्या गुरू ऐन वेळी मागे हटल्या आणि मी एकटी पुढे गेले. लोक टाळ्या वाजवायचे.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी शेवटी म्हटलं. "मी किती वाईट बोलले तुम्हाला. त्या खळ्यात."

"तू खरं बोललीस की. म्हातारपण आलंच होतं. आणि मी सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस, जाणं बंद केलं असतंस, माझ्यासाठी घरात बसली असतीस. एकतीस वर्षांची पोर." त्या माझ्याकडे वाकल्या. "पण तू येऊन सांगशील असं वाटलं होतं. कुठं गेलीस, काय दिसलं. मी पक्षी सोडले होते. तुला कुठं सोडलं होतं?"

मी पायरीवर बसल्या बसल्या त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला, मग म्हणाल्या, "पुरे आता. पांढरे झालेत तुझे. जेवून जा. सोलकढी आहे आणि कालची आमटी. आणि ते अरुणाचलाचं सांग, कुणाच्या तरी लग्नात तू दुसऱ्याच कुणाला सांगत होतीस, मी लांबून अर्धंच ऐकलंय."

मी सांगितलं. अरुणाचल सांगितलं, कच्छ सांगितलं, अंदमानला बोटीत उलट्या करत पाहिलेले पक्षी सांगितले. दिवेलागण झाली तरी संपलं नाही. फोनवर वेंगुर्ल्याच्या पक्ष्याचे अजून फोटो येत होते. कुणीतरी विचारलं होतं, "मॅडम, दिसल्या नाहीत?" मी फोन पिशवीत टाकला.

इंदूताई त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने होत्या. तेवढ्या काळात आम्ही दोघींनी मिळून एकही नवा पक्षी पाहिला नाही. मी दर रविवारी दुपारी जायची. एकच रविवार माझा चुकला. अंगात ताप होता आणि फोन करायचंही सुचलं नाही. चारच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्याच्या खांद्याला धरून, एक पाय आधी, मग दुसरा, अशा इंदूताई उतरल्या. हातात डबा होता. वीस किलोमीटर खड्ड्यांतून आल्या होत्या, केस विस्कटले होते, साडीला धूळ लागली होती.

"अहो, तुम्ही कशाला आलात?" मी अंथरुणातूनच ओरडले.

"तू आली नाहीस म्हणून," त्या म्हणाल्या आणि माझ्या उशाशी खुर्ची ओढून, दम खात बसल्या.